ऑब्रेलाकांपैकी कुणीतरी

आमच्या वसईकडे माणूस गेला की आधी कळवतात, मग रडतात. कुणीतरी सायकल काढून आळीआळीतून सांगत फिरतो, आणि ज्या घरी सांगायचं राहून जातं ते घर पुढे कित्येक वर्षं तोंड फुगवून बसतं. माझी बायको कार्मिन हे सगळं अंगात भिनवूनच दोह्याला आली. इथल्या कुणा वसईकराचं गावी कुणी वारलं, की ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटमधून फोन सुरू व्हायचे. संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलातल्या नर्सपासून गॅस कंपनीतल्या फोरमनपर्यंत सगळे आमच्या हॉलमध्ये रोझरीच्या प्रार्थनेला गुडघे टेकून हजर. तुला पगार द्यायला हवा चर्चने, असं मी तिला चिडवायचो. ती म्हणायची, "माणसाच्या मातीला माणसं हवीत, डेरिल. परकी शंभर असली तरी आपलं एक हवं."

मी हे लिहायला बसलोय ते तिच्या या एका वाक्यापायी.

कार्मिन पाण्याच्या पाइपलाइनी आखून देणाऱ्या एका कन्सल्टंट कंपनीत सेक्रेटरी होती, आणि तिचा साहेब फ्रेंच होता. एतिएन ऑब्रेलाक. उंच, वाकलेला, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. बायकोशी केव्हाच फारकत झालेली, मूलबाळ नाही, आईबाप गेलेले, भाऊबहीण नाही. इतर गोरे लोक कंपाउंडातल्या बंगल्यांत राहायचे. हा फरीज बिन ओमरानच्या साध्या वस्तीत एका किराणा दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहायचा आणि दुकानदाराशी मोडक्या अरबीत हुज्जत घालायचा. मला तो सुरुवातीला तुसडा वाटला होता. पण तो तुसडा नव्हता. बोलायला कुणी नसलं की माणसाचं तोंड तसं होतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या नाताळात कार्मिन मला त्याच्याकडे करंज्या द्यायला घेऊन गेली. आमची कॅरिना तेव्हा सात वर्षांची होती. बसायच्या खोलीत फ्रान्सचा भिंतभर नकाशा होता आणि त्यात टाचण्या खोचलेल्या. प्रत्येक टाचणीला कागदाचा इवलासा झेंडा आणि झेंड्यावर बारीक अक्षरात नाव आणि फोन नंबर. मला वाटलं, तिकडच्या पाइपलाइनी असतील.

"हे सगळे ऑब्रेलाक," तो म्हणाला. "जगात जेवढे आहेत तेवढे."

मी मोजल्या. अकरा टाचण्या होत्या.

मग तो खुलला. कार्मिन म्हणाली, इतकी वर्षं ऑफिसात बसते, पण या माणसाला एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या देशात म्हणे सरकार एकेका आडनावाचे जन्म मोजतं. त्याच्या आजोबांच्या काळात पंचवीस वर्षांत एकोणीस ऑब्रेलाक जन्मले. त्याच्या स्वतःच्या काळात सहा. आणि आता शेवटच्या खेपेला दोन. ते दोघे एकाच घरातले, उत्तरेकडे लील नावाच्या शहरात राहणारे लहान भाऊ. त्या टाचणीवर बोट ठेवून तो म्हणाला, "ही माझी पोरं." त्याने त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं.

नाव कुठून आलं याचंही त्याने संशोधन केलं होतं. त्यांच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात गावांची नावं अशीच 'आक'वर संपतात, आणि तशी गावं म्हणजे रोमन काळातल्या कुणा जमीनदाराचं वतन, असं तो म्हणाला. तेव्हा ऑब्रेलाक नावाचं एखादं गाव असणारच. नकाशावर ते सापडत नव्हतं. धरणाखाली गेलं असेल, नाहीतर रोगराईत ओस पडलं असेल. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत तो समुद्रावर जायचं सोडून तिकडच्या सरकारी दफ्तरखान्यात बसायचा. मागे मागे जात तो दोन माणसांपर्यंत पोचला होता. जाँ आणि पिएर ऑब्रेलाक, नेपोलियनच्या काळातले. दोघे भाऊ, असं तो धरून चालला होता. जगातले सगळे ऑब्रेलाक याच दोघांचे वंशज. फक्त त्यांच्या बापाचं नाव कुठे मिळत नव्हतं. तो बाप सापडला की गाव सापडणार होतं.

"सर," कार्मिन म्हणाली, "आम्ही मच्याडो. आमच्या भुईगावच्या चर्चमध्ये एका मिस्सेला याहून जास्त मच्याडो असतात."

"मग तुम्ही श्रीमंत आहात," तो म्हणाला.

"या लोकांना फोन करता का कधी?"

"काय म्हणू फोनवर? मीही ऑब्रेलाक आहे म्हणून?"

"हो. तेच म्हणायचं."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. त्याला कार्मिनचं म्हणणं विनोदी वाटलं, आणि कार्मिनला त्याचं हसणं कळेना. घरी येताना गाडीत ती पुटपुटत होती, अकराच घरं आणि एकाही घरी फोन नाही, काय म्हणायचं याला.

पुढची आठ वर्षं तशीच गेली. नकाशावरचं कुणी वारलं की तो टाचणी काढून घ्यायचा आणि भिंतीला भोक राहायचं. एकही नवी टाचणी आली नाही.

दोह्यात एशियन गेम्स झाल्या त्या हिवाळ्यात तो आजारी पडला. मी सरकारी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. त्याच्या रक्ताच्या नळ्या माझ्याच टेबलावरून गेल्या, त्यामुळे कार्मिनच्या आधी मला कळलं. घरी मी अवाक्षर काढलं नाही, कारण नोकरीचा नियमच तसा आहे. नंतर डॉक्टरांनीच त्याला सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. विमानात बसवून घरी न्यायची वेळ टळून गेली होती. कंपनीच्या मॅनेजरने विचारलं, घरी कुणाला कळवायचं? तो म्हणाला, कुणाला नाही.

हे कार्मिनच्या समोर झालं, आणि तिच्या जिवाला घोर लागला. भाजी चिरता चिरता थांबायची. "असा कसा जाईल माणूस? याच्या उशाशी त्याच्या नावाचं एक माणूस नको?" मी म्हटलं, नसती उठाठेव करू नकोस, त्याला नकोय. ती म्हणाली, "आजारी माणसाला काय विचारायचं? तो नकोच म्हणणार." आमच्याकडे हे असंच असतं. मरणाऱ्याला विचारून कुणी भाऊबंदांना बोलावत नाही.

त्याचे कपडे आणायला ती त्याच्या घरी गेली तेव्हा तिने उरलेल्या झेंड्यांवरचे नंबर उतरवून आणले. आठ होते. कॅरिना तोवर पंधरा वर्षांची झाली होती आणि तिला शाळेत दुसरी भाषा म्हणून फ्रेंच होतं. एवढे दिवस त्या फ्रेंचचा आम्हाला उपयोग झाला होता तो फक्त मार्कशीटवर. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, मिस्सेहून आल्यावर कार्मिनने तिला फोनपाशी बसवलं.

"ममा, धिस इज सो वियर्ड. व्हॉट डू आय इव्हन से?"

"सांग, तुमचे भाऊबंद एतिएन ऑब्रेलाक इथे दोह्याला शेवटच्या आजारात आहेत. कुणीतरी या."

"देअर इज नो वर्ड फॉर भाऊबंद."

"मग फॅमिली म्हण. यल्ला, लाव फोन."

पहिला नंबर आता एका गॅरेजचा होता. दुसरा उचललाच नाही. पॅरिसजवळच्या एका माणसाने सगळं सभ्यपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, तुम्ही नक्की काय विकताय? कॅरिनाचा चेहरा कानशिलापर्यंत लाल झाला. ल्योंमधल्या बाईने सांगितलं की तिचा नवरा गेल्या वर्षीच वारला, आणि ती रडायलाच लागली. मग कॅरिनाला तिचीच समजूत काढत बसावं लागलं. शाळेच्या पुस्तकात ते धडे नव्हते. आणखी दोन ठिकाणी फोन आपटले गेले.

लीलमध्ये त्या दोन पोरांच्या आईने फोन घेतला. बाप घर सोडून गेला होता. पोरं आता आईचं नाव लावत होती. ऑब्रेलाक? छे, ते नाव घरात कुणी काढतही नाही. त्या बाईच्या आवाजात राग नव्हता, एखाद्या जुन्या पत्त्याबद्दल बोलावं तसं ती बोलली. कॅरिनाने हे सांगितलं तेव्हा कार्मिन खुर्चीत बसली. 'माझी पोरं' म्हणून दाखवलेली ती टाचणी आम्हा दोघांनाही आठवली. त्याला हे सांगायचं नाही, एवढं आम्ही लगेच ठरवलं.

शेवटचा नंबर त्या डोंगराळ भागातल्या मांद गावचा होता. सोलांज ऑब्रेलाक, वय अठ्ठ्याहत्तर. पोस्टातून रिटायर झालेली, लग्न न केलेली, म्हणून आडनाव टिकलेलं. तिला कमी ऐकू यायचं, त्यामुळे कॅरिना अक्षरशः ओरडत होती आणि शेजारचे इजिप्शियन लोक दार उघडून बघून गेले. पण या बाईने फोन आपटला नाही. तिने विचारलं, त्याला फार दुखतं का? अंग पुसायला कुणी आहे का? मग विचारलं, आपण कोणत्या नात्याने भाऊबंद, असं त्याला वाटतं?

कॅरिनाने जाँ आणि पिएर या भावांबद्दल सांगितलं. म्हातारी हसली आणि बोलतच राहिली. कॅरिना ऐकता ऐकता आम्हाला तुकड्यातुकड्याने सांगत होती.

त्या गावात नन्सचा अनाथाश्रम होता. त्याच्या भिंतीत एक फिरती लाकडी पेटी होती. नको असलेलं मूल बाहेरून पेटीत ठेवायचं, दोरी ओढून आतली घंटा वाजवायची आणि निघून जायचं. मग आतली नन पेटी फिरवून मूल उचलून घ्यायची. एका दुष्काळी हिवाळ्यात एकाच आठवड्यात दोन मुलगे आले, वेगवेगळ्या रात्री, वेगवेगळ्या आयांचे. कारकुनाला नावं सुचेनात. त्याने आसपासच्या गावांच्या नावासारखं एक नाव मनानेच जुळवलं, म्हणजे पोरांना पुढे कुणी हसणार नाही, आणि दोघांना तेच देऊन टाकलं. ऑब्रेलाक नावाचं गाव कधी नव्हतंच. सोलांज पिएरच्या वंशातली. तिच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि शाळेत पोरी तिला पेटीतली म्हणायच्या.

"तेव्हा रक्ताचं आमचं काही नाही," म्हातारी म्हणाली. "पण मी येईन. त्याला सांगा, मी येते."

कॅरिनाने रिसीव्हर ठेवला आणि कार्मिनने तिचे गाल धरून मटामटा मुके घेतले. तिला रडू येत होतं आणि हसूही. "अगं, हे तर आपल्यासारखंच! आपल्या मच्याडोंचं काय वेगळं झालं? पोर्तुगीज पाद्र्याने अख्खी आळी रांगेत उभी केली, डोक्यावर पाणी शिंपडलं, आणि सगळे मच्याडो. त्याआधी कोण कुणाचं होतं कुणाला माहीत? पण आज भुईगावात एका मच्याडोच्या मातीला दुसरा चुकतो का?"

"ममा, आय डोन्ट थिंक ही विल लाइक इट," कॅरिना म्हणाली.

पोर शहाणी होती, पण तिचं ऐकतो कोण! मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. वसईच्या कुणालाच दिसलं नसतं. आमच्यासाठी नाव म्हणजे चर्चने दिलेली गोष्ट, आणि ते मिळालं त्या दिवसापासून नातं सुरू. त्यामागे कुणी बाप शोधत बसत नाही. साहेबाला समुद्रापार एक माणूस भेटलं होतं, आणि त्याचा चाळीस वर्षांचा प्रश्नही सुटला होता. कार्मिनला एकाच शुक्रवारी दोन्ही मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे त्याच्या वॉर्डात गेलो. खिडकीशी खाट होती. अंगावरचं मांस उतरून नुसता सांगाडा राहिला होता, पण डोळे जागे होते. कार्मिनने त्याचा हात हातात घेऊन सांगितलं, मांदहून सोलांज ऑब्रेलाक येतेय तुम्हाला भेटायला.

त्याचा चेहरा उजळला. मी तो चेहरा विसरणार नाही. तो कोपरावर उठून बसायला लागला. "मांदची? म्हणजे पिएरची शाखा. माझ्या जाँच्या भावाची."

"भाऊ नव्हते ते, सर. हीच तर गंमत आहे." आणि कार्मिनने सगळं सांगितलं. पेटी, घंटा, कारकून, दुष्काळ. मग मच्याडोंची रांगही सांगितली. ती आनंदाने सांगत होती, घरचीच गोष्ट सांगावी तशी. मला मात्र मध्येच त्याचा हात दिसला. तो तिच्या हातातून सुटून चादरीवर पडला होता.

त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग इंग्रजीत एकच शब्द विचारला, "पेटी?"

"हो सर. भिंतीतली."

त्याने नजर छताकडे वळवली. मग म्हणाला, "तिला येऊ नको म्हणून सांग. ती माझी कुणी नाही." कार्मिन काही बोलायला गेली तर त्याने भिंतीकडे कूस वळवली. "आणि तूही जा."

सुरय्या नावाची केरळची नर्स होती. तिने आम्हाला हळूच बाहेर आणलं. कार्मिन कॉरिडॉरमध्ये तोंडात मारल्यासारखी उभी होती. "मी काय वाईट सांगितलं, डेरिल? काय वाईट सांगितलं मी?" मला तिचा राग आला होता आणि दयाही आली होती. मी म्हटलं, "अगं, त्याला गाव हवं होतं. तू त्याला पेटी दिलीस." हे बोलायला नको होतं, पण तोंडातून निघून गेलं.

घरी गेल्यावर तिने कॅरिनाकडून सोलांजला फोन लावून घेतला आणि येऊ नका म्हणून सांगितलं. म्हातारीने का म्हणून विचारलं नाही. बरं, म्हणाली. तिकीट परत करता येईल का, एवढंच तिने विचारलं, आणि कॅरिनाला ते माहीत नव्हतं.

नंतरचे दिवस फार वाईट गेले. कार्मिन ऑफिसला जायची, त्याच्या रिकाम्या केबिनबाहेर बसायची आणि घरी येऊन स्वयंपाकघरात दिवा न लावता उभी राहायची. हॉस्पिटलात त्याने तिला भेटायला साफ नकार दिला होता. याच दिवसांत कामिल परेराची आई गावी वारली, आणि कार्मिनने कुणालाही फोन केला नाही. लोकांना दोन दिवसांनी कळलं. कामिलची बायको जोस्लीन मला बाजारात भेटली आणि तोंड वळवून गेली. मी घरी येऊन हे सांगितलं तर कार्मिन म्हणाली, "कळवून काय भलं होतं?" इतकी वर्षं तिला चिडवणारा मी, पण ते मला ऐकवेना.

त्याचं रक्त घ्यायला मीच जायचो. मला त्याने नको म्हटलं नाही. हात पुढे करायचा, दुसरीकडे बघायचा. एके दिवशी सुई काढून मी कापूस दाबून धरला होता तेव्हा तो आपण होऊन बोलला.

"जाँच्या बापाची जागा कोरी होती, डेरिल. मला वाटायचं शाई उडाली असेल. नाहीतर कारकून आळशी असेल. चाळीस वर्षं मी त्या कोऱ्या जागेसमोर बसलो. तिथे कुणी नव्हतंच."

"कुणी नव्हतं कसं? मूल आपोआप येतं का?"

"होतं," तो म्हणाला. "एक बाई होती. ती त्याला भिंतीत ठेवून घरी गेली."

मी रक्ताच्या नळीवर लेबल चिकटवत म्हटलं, "पण घंटा वाजवून गेली ना, साहेब. न वाजवता गेली असती तर थंडीत मेलं असतं पोर. तुम्ही कुठून आला असता?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी ट्रे उचलून पुढच्या खाटेकडे गेलो आणि दिवसभर स्वतःला शिव्या घातल्या, की नवराबायको दोघेही सारखेच आपण, तोंडाला फाटक नाही.

चार-पाच दिवसांनी दुपारी सुरय्याचा लॅबमध्ये फोन आला. तुमच्या मिसेसना घेऊन या, ते बोलावताहेत. मी कार्मिनला ऑफिसातून आणि कॅरिनाला शाळेतून उचललं. आम्ही पोचलो तेव्हा त्याचा श्वास तोंडाने चालला होता. कार्मिन दारातच थबकली. त्याने तिला बोटाने जवळ बोलावलं.

"ती ऑब्रेलाक केव्हा येतेय?" त्याने विचारलं.

कार्मिनने माझ्याकडे पाहिलं. त्याला स्वतःचा नकार आठवत होता की नाही, देव जाणे. मी खाटेशी उभ्या डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. सोलांज त्या क्षणाला घरातून निघाली असती तरी तिला दोह्याला पोचायला दोन दिवस लागले असते, आणि याच्याकडे दोन दिवस नव्हते.

"आत्ता बोलायचंय का तिच्याशी?" कार्मिनने विचारलं. तो हो म्हणाला.

कॅरिनाने माझ्या मोबाइलवरून फोन लावला, म्हातारीला दोन वाक्यांत ओरडून सगळं सांगितलं आणि मोबाइल त्याच्या कानाला लावला. म्हातारी मोठ्याने बोलायची, त्यामुळे आम्हालाही ऐकू येत होतं. तिने काही विचारपूस केली नाही. तिने नाव सांगितलं, आडनाव आधी, शाळेत हजेरी देतात तसं. "ऑब्रेलाक, सोलांज."

त्याचे ओठ कोरडे पडले होते. सुरय्याने कापसाने ओले केले. मग तो म्हणाला, "ऑब्रेलाक, एतिएन."

म्हातारीला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं, सगळा जोर लावून. कॅरिना तोंडावर हात दाबून रडत होती. तिच्याकडून फोन घेऊन कार्मिन बराच वेळ तो त्याच्या कानाशी धरून उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

प्रेत कुठे पाठवायचं हा प्रश्न कंपनीलाही पडला आणि वकिलातीलाही. सोलांजने तो सोडवला. ती म्हणाली, इकडे पाठवा, आमच्या थडग्यात एक जागा माझ्यासाठी राखलेली आहे, आम्ही दोघे मावू. वकिलातीतल्या माणसाने कार्मिनला विचारलं, या बाईंचं मयताशी नातं काय? कार्मिन म्हणाली, "फॅमिली." तो म्हणाला, नक्की कोण? ती म्हणाली, "आडनाव वाचा ना." इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा जुना आवाज ऐकू आला मला.

त्या संध्याकाळी तिने सगळ्यांना फोन केले. सगळे आले, रुसलेले कामिल आणि जोस्लीनसुद्धा. कुणीही त्या माणसाला पाहिलेलं नव्हतं. आमच्या हॉलमध्ये त्याच्यासाठी मराठीत रोझरी झाली.

पुढच्या आठवड्यात सोलांजचा फोन आला. कॅरिनाने स्पीकर चालू केला. मांदला बर्फ पडत होतं. दफनाला पेटी उचलणारे चार भाडोत्री लोक होते, फादर होते, आणि ती. उभं राहवेना म्हणून तिने खुर्ची मागवली, पण माती टाकताना ती उभी राहिली.

"मी होते," ती म्हणाली.

कार्मिनने डोळे मिटून क्रॉसची खूण केली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मला दिसला. "तिला थँक्यू म्हण," ती कॅरिनाला म्हणाली. "म्हण, देवाने तुमच्या रूपाने त्याला आपलं माणूस दिलं. झालं, खलास. आता त्याला शांती मिळाली."

कॅरिनाने ते सांगितलं. मग म्हातारी बोलायला लागली. कॅरिना ऐकत होती, आणि तिने आमच्याकडे बघायचं सोडून खिडकीकडे बघायला सुरुवात केली.

"काय म्हणतात त्या?" कार्मिनने विचारलं.

"नथिंग."

"कॅरिना. काय म्हणतात?"

"ममा, आय डोन्ट वॉन्ट टु से इट."

"सांग म्हणते ना."

कॅरिना म्हणाली, "ती म्हणते, मी दिलेल्या नंबरांवर तिने फोन केले, पॅरिसचा तो माणूस उचलत नाही. बाकी कुणी ओळख देत नाही. ती विचारते, त्याच्या वेळेला तुम्ही मला कळवलंत. मी मेले की तुम्हाला कोण कळवणार?"

कार्मिनने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. ती माझ्याकडे बघायला लागली, जणू मला काही ठाऊक असणार. मी मान खाली घातली. स्पीकरमधून म्हातारीचा श्वास येत होता, आणि मग तिचा तो मोठा आवाज, पुन्हा पुन्हा.

"आता काय म्हणतात?" कार्मिनने विचारलं.

"तिला वाटतंय आपण उत्तर दिलं आणि तिला ऐकू आलं नाही," कॅरिना म्हणाली. "ती म्हणते, जरा मोठ्याने सांगा."